ठेकेदाराची पुतणी

मनस्वी मढवीने बी.एस्सी.चा शेवटचा पेपर दिला, तेव्हा तिच्या आईला वाटलं होतं की फार तर दोन महिने, पोरगी कामाला लागेल. तसं वाटायला कारणही होतं. शिरवण्यातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की एमआयडीसीतल्या कंपन्यांचे पत्रे, टाक्या आणि पांढरा धूर सोडणाऱ्या चिमण्या हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ दिसतात. त्यातल्या निम्म्या कंपन्या रसायनांच्या नाहीतर औषधांच्या. आणि घरात केमिस्ट्रीची फर्स्ट क्लास पदवीधर. स्मिताने मनाशी जमवलेला हा मेळ इतका सोपा होता की त्यात चूक कुठे असेल, हेच तिला दिसेना. पण दोन महिन्यांचे आठ महिने झाले.

त्या आठ महिन्यांत स्मिताला नोकरीच्या बाजाराची जेवढी माहिती झाली, तेवढी तिच्या स्वतःच्या बी.ए.च्या तीन वर्षांत अर्थशास्त्राने दिली नव्हती. रबाळ्याच्या एका कंपनीत तीन जागांसाठी पावणेदोनशे मुलंमुली सकाळी आठपासून फुटपाथवर उभी होती. महापेच्या कॉल सेंटरवाले एकोणीस हजार द्यायला तयार होते, पण केमिस्ट्रीचा संबंध नाही आणि काम रात्रभराचं. विमा कंपनीवाले पगार सांगत आणि मग हळूच टार्गेट सांगत. तुर्भ्यात एक माणूस भेटला, तो म्हणाला सहा हजार भरा, महिन्याभरात लावून देतो. मनस्वी तिथून उठून आली. बारावीच्या वर्गातली एक मैत्रीण इंजिनीअरिंगला गेली होती, ती ऐरोलीच्या आयटी पार्कात साडेतीन लाखांच्या पॅकेजवर लागल्याचं कळलं. स्मिताने तोंडातल्या तोंडात बाराने भागलं, त्यातून पीएफ वजा केला, भाड्याच्या खोलीचा वाटा वजा केला आणि ‘ठीक आहे’ म्हणाली. एव्हाना तिला हे सगळं झोपेतसुद्धा जमू लागलं होतं.

प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच. एक वर्षाचा अनुभव आहे का? कॉलेजात प्रॅक्टिकल केलंय, असं मनस्वी सांगे. समोरचा माणूस हसून फाईल मिटे. लॅबमध्ये हल्ली एचपीएलसी नावाचं यंत्र असतं. गोळीत कुठला घटक किती आहे, ते हे यंत्र वेगळं काढून दाखवतं. त्या यंत्रावर ज्याचा हात बसलेला असेल त्यालाच पुढची दारं उघडतात. मनस्वीच्या कॉलेजात ते होतं, काचेच्या कपाटात, कुलूप लावून.

खरं म्हणजे घरात एक फोन फिरवायचा अवकाश होता. मनस्वीचे मोठे काका, गोटीराम मढवी, लेबर कॉन्ट्रॅक्टर. कारखान्यांना जमिनी गेल्या तेव्हा गावच्या वाट्याला नोकऱ्या थोड्या आल्या, पण ठेके आले. गोटीरामदादांनी बारा हमालांपासून सुरुवात केली आणि आज अकरा कंपन्यांत त्यांची चारशे माणसं होती. माळी, सफाईवाले, माल चढवणारे, सगळे. शिरवण्यात कुणाच्या मुलाला काम लागायचं असेल तर बायोडेटा दुय्यम, दादांची चिठ्ठी महत्त्वाची. पुतणीसाठी तर त्यांनी किती वेळा निरोप धाडला होता. एसीमध्ये बसवतो, अकराला ये, चारला जा.

मनस्वी ऐकायला तयार नव्हती. तिचा बाप धनेश भाड्याच्या खोल्या बघणारा, शांत माणूस. तो म्हणाला, बघ बाई, काका मनापासून सांगतोय. त्यावर ती म्हणाली, “पप्पा, काकांनी लावलेल्या मुलांना कुणी काम सांगत नाही. खुर्ची देतात, चहा देतात आणि लांब ठेवतात. मला वर्षभर चहा नाही प्यायचा. मला वर्षभर मशीनवर काम करायचंय.”

स्मिताला हे पटत होतं आणि पटत नव्हतंही. ती मूळची उरणच्या मोऱ्याची. बी.ए. झाल्यावर तिला एका पतपेढीतून बोलावणं आलं होतं. पण तेवढ्यात लग्न ठरलं आणि सासरी कुणी ‘जाऊ नको’ म्हटलं नाही, फक्त ‘कशाला’ म्हटलं. त्या एका शब्दापुढे ती तेव्हा गप्प बसली होती. त्यामुळे मुलगी गप्प बसत नाही याचं तिला कौतुक होतं आणि मुलगी घरी बसून आहे याची धास्ती.

नवव्या महिन्यात औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीतून फोन आला. लॅबचे प्रमुख अरविंद सर, साताऱ्याकडचे, मितभाषी. त्यांनी एकही तोंडी प्रश्न विचारला नाही. ब्युरेट, द्रावण थेंबाथेंबाने मोजायची काचेची नळी, पुढे ठेवली आणि म्हणाले, टायट्रेशन करून दाखव. मनस्वीने ब्युरेट आधी पाण्याने, मग त्याच द्रावणाने धुतली, बुडबुडा काढला आणि शेवटचे थेंब अर्धे-अर्धे सोडले. आकडा आला. सर म्हणाले, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं. दुसरा आकडा पहिल्याच्या शेजारी येऊन बसला. घर कुठे विचारलं, तर तिने नेरूळ सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं, शिरवणं नेरुळातच येतं. मढवी आडनावाची माणसं या पट्ट्यात ठिकठिकाणी आहेत, त्यामुळे त्यावरून कुणाला काही सुचलं नाही.

आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. पगार साडेचौदा हजार. कंपनी नव्या मुलांना थेट घेत नव्हती, ठेकेदाराच्या नावावर घेत होती. ही आता सगळीकडची रीत. पत्राच्या माथ्यावर एकवीरा आईच्या नावाची फर्म होती. त्या नावाच्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर दहा तरी फर्म निघतील, म्हणून मनस्वीने तिकडे लक्षही दिलं नव्हतं. स्मिताने मात्र पत्र वाचता वाचता खालच्या सहीवर बोट ठेवलं. मोठा ‘गो’ आणि पुढचं सगळं नाव एका रेघेत ओढलेलं. ही सही तिने चोवीस वर्षं पाहिली होती, भाडेकरारावर, गणपतीच्या पावत्यांवर, धनेशच्या नावाने आलेल्या कुरिअरच्या कागदावर.

ज्या काकांची चिठ्ठी नको म्हणून पोरगी आठ महिने उन्हातान्हात फिरली, त्याच काकांच्या सहीचं पत्र तिच्या हातात होतं.

मनस्वी आधी हसली. मग खुर्चीवर बसली आणि बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिली. दादा ऑफिसात कारकुनाने पुढे ठेवलेल्या गठ्ठ्यावर न वाचता सह्या करतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्यांना पत्ताही नव्हता. शेवटी मनस्वी म्हणाली की सरांनी तिचं काम बघून तिला घेतलंय, सही कुणाची का असेना.

“फक्त काकांना नाही सांगायचं, आई. लॅबमध्ये कळलं ना, तर संपलं.”

स्मिता बरं म्हणाली.

पहिला आठवडा नुसतं भांडी घासण्यात गेला. म्हणजे लॅबची भांडी, दिवसाला चाळीस-पन्नास फ्लास्क, तीन-तीनदा धुऊन. घरी पाण्याचा ग्लास उचलून न ठेवणारी पोरगी हे सगळं रंगवून सांगत होती. दुसऱ्या आठवड्यात वजनं आणि द्रावणं. तिसऱ्या आठवड्यात अरविंद सरांनी एचपीएलसी शिकायला बसणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव लिहिलं. तिच्याबरोबर गीतांजली नावाची मुलगी होती, करंजाड्याची. ती पहाटे उठून दोन गाड्या बदलून यायची. दोघींचे डबे एकत्र उघडत. गीतांजलीच्या आईची भाजी आणि स्मिताच्या घरची सुक्या जवळ्याची चटणी अशी देवाणघेवाण ठरून गेली होती. गीतांजलीला जवळा इतका आवडायचा की स्मिता आता मुलीच्या डब्यात दोघींपुरता घालू लागली. यंत्र कसं असतं, त्याच्या नळीत हवा शिरली तर ते कसं रुसतं, सगळं स्मिताला तोंडपाठ झालं. भाजीवालीलाही तिने एकदा ते समजावून सांगितलं.

चौथ्या आठवड्यात पाळी बदलली. दुसरी पाळी रात्री साडेनऊला सुटे. कंपनीची गाडी होती, पण ती सगळ्यांना सोडत सोडत येई. पहिल्या दिवशी गाडीला उशीर झाला आणि मनस्वीचा फोन लागेना. ती सव्वादहाला घरी आली, जेवली आणि झोपली. झोपली नाही ती स्मिता. दुसऱ्या दिवशी दुपारी मनस्वी कामावर गेल्यावर स्मिता अर्धा तास फोन हातात घेऊन बसली. आणि मग तिने गोटीरामदादांना फोन लावला. म्हणाली, तुमच्याच ठेक्यावर आहे पोरगी, जरा लक्ष असू द्या. बाकी काही नको, फक्त येण्याजाण्याकडे लक्ष.

दादा आधी रागावले, मग हसले. आपल्याच सहीने पुतणी लागली आणि आपल्याला माहीत नाही, याची त्यांना इतकी गंमत वाटली की त्यांनी तिथल्या तिथे ऑफिसात चहा मागवला. टेन्शन नको घेऊ म्हणाले. स्मिताचा जीव भांड्यात पडला. तो दोन दिवस तिथे राहिला.

तिसऱ्या दिवशी दारात दादांची पांढरी गाडी उभी राहिली, मनस्वीला कामावर सोडायला. मनस्वीने आईकडे एकदा पाहिलं आणि ती गाडीत बसली. गाडी नाही म्हणणं म्हणजे काकांचा सगळ्या गल्लीदेखत अपमान. त्या दिवशीपासून घरी येऊन ती लॅबचं काही सांगेनाशी झाली. विचारलं तर ‘चाललंय’ म्हणे. 

महिना भरला, पगार झाला. मग डब्यातला जवळा अर्धा तसाच परत येऊ लागला. दोन आठवड्यांनी ती बोलली. लॅबमध्ये आता तिला सगळे मॅडम म्हणत होते. अ‍ॅसिडच्या बाटल्यांना हात लावू देत नव्हते. एचपीएलसीच्या यादीतलं तिचं नाव खोडून तिला कॉम्प्युटरवर रिपोर्ट टाइप करायला बसवलं होतं. तिने अरविंद सरांना जाऊन विचारलं. सरांनी दार लावून घेतलं आणि सरळ सांगितलं. “तुझा हात चांगला आहे, म्हणून तर घेतलं. पण उद्या त्या हातावर अ‍ॅसिडचा थेंब पडला, तर गेटवर किती माणसं जमतील ते मी ओळखून आहे. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?”

मनस्वी पुन्हा टायपिंगला जाऊन बसली. आणि त्यातच तिच्या खात्यात साडेचौदाच्या जागी बावीस हजार जमा झाले होते. गीतांजलीला ते कळलं, कारण दोघी नेहमीसारख्या मोबाइल शेजारी धरून पगाराचा मेसेज बघत होत्या.  दुसऱ्या दिवसापासून गीतांजली वेगळ्या टेबलावर जेवायला बसू लागली.

“मी सोडतेय, आई,” मनस्वी म्हणाली. “महिनाअखेर राजीनामा देते. असं वर्ष काढलं तर पुढच्या इंटरव्ह्यूत काय सांगू? चहा चांगला होता?”

स्मिता ताटं उचलायला लागली. आपण केलेला फोन तिने सांगितला नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमटीला फोडणी दिली, गॅस बंद केला, साडी बदलली आणि ती दादांच्या ऑफिसात गेली. ऑफिस काय, दादांच्या घराच्याच तळमजल्यावर, पन्नास पावलांवर. पण चोवीस वर्षांत तिने त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. घरातल्या बायका काही निरोप असला तर दारातूनच सांगत आणि परत फिरत. दादा तिच्यासाठी थोरले दीर होते. लग्न झाल्यापासून ती त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून चहा ठेवत आली होती. आज ती आत गेली आणि समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. तिथे बसलेले दोन सुपरवायझर आपोआप उठून बाहेर गेले.

दादांना वाटलं, धनेशला काही झालं. तिने तसं काही नाही म्हणून सांगितलं आणि मग एका दमात सगळं बोलली. गाडी बंद करा. पगार बाकीच्या मुलींइतका करा. जास्तीचे आलेत ते पुढच्या महिन्यात कापून घ्या. आणि लॅबच्या साहेबांना सांगा की तिला काम करू द्या.

दादा ऐकून घेत होते. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना राग आला असता तर बरं, असं स्मिताला वाटलं.

“मी काय वाईट केला?” ते म्हणाले. “आमचा बाप याच कंपन्यांच्या गेटवर उभा राहायचा. जमीन त्याची, आनि वॉचमन त्याला आत नाय सोडायचा. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आज माजी पोरगी त्या गेटातून गाडीत बसून जाते, तर तुमाला ती नको.”

 सासऱ्यांची ही गोष्ट तिने पहिल्यांदा ऐकली. तिने खुर्ची थोडी पुढे ओढली.

“दादा, गेट तुम्ही उघडलंत,” ती म्हणाली. “ते मनूला ठाऊक आहे, मलाही आहे. पण आत गेल्यावर ती तुमची पुतणी म्हणून बसून राहिली, तर तिला काही येणार नाही. आणि काही आलं नाही तर जन्मभर तिला तुमच्याच गेटातून जावं लागेल.”

“आनि हात भाजला म्हंजे?”

“भाजेल. माझाही स्वयंपाक शिकताना भाजला होता.”

दादांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. होही म्हणाले नाहीत, नाहीही. स्मिता उठली. दारात पोचल्यावर त्यांनी विचारलं, “पोरीने पाठवली तुला?”

“नाही. तिला माहीतच नाही. तुम्हाला फोन मी केला होता, तेही तिला माहीत नाही.”

घरी येऊन तिने आमटी पुन्हा गरम केली. 

त्याच दिवशी दुपारी गोटीरामदादा लॅबमध्ये जाऊन थडकले. हे पुढे मनस्वीने घरात सगळ्यांना उभं राहून, अभिनय करून सांगितलं. लॅबच्या दारात त्यांच्या डोक्याला जाळीची टोपी घातली, अंगात पांढरा कोट चढवला. कोटाची बटणं पोटावर लागेनात. पायांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. गळ्यातली सोन्याची चेन आत घाला म्हटलं, तर तेवढी त्यांनी आत घातली. त्या वेशात ते अरविंद सरांसमोर उभे राहिले आणि अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणाले, “साहेब, ही जशी बाकीच्या पोरी तशी. काय लागला, भाजला, तरी मी येनार नाय. गावातला कोनी येनार नाय. फार तर हिची आई येईल. तिला मात्र तुमी सांभाला.”

सर मितभाषी, पण त्या दिवशी हसले. दादांनी मग ते एचपीएलसी यंत्र काचेतून बराच वेळ बघितलं आणि त्याची किंमत विचारली. किंमत ऐकून त्यांनी कोटाच्या खिशात घातलेले हात बाहेर काढले नाहीत.

त्या संध्याकाळी स्मिताने मुलीला फोनचं सांगून टाकलं. सांगताना तिला रडू आवरेना. मनस्वी पोळी खात होती, ती खातच राहिली.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “काकांचा ड्रायव्हर गाडीत म्हणाला, तुमच्या मम्मीचा फोन आला होता.”

म्हणजे तीन आठवडे तिने हे पोटात ठेवलं होतं, आईला एका शब्दाने टोकलं नव्हतं. स्मिताला त्या क्षणी जे वाटलं, त्याला नुसती लाज म्हणता येणार नाही. आपल्या पोटी आलेली ही मुलगी आपल्यापेक्षा काही बाबतीत मोठी आहे, हे कळण्याची ती वेळ होती.

एचपीएलसीच्या यादीत मनस्वीचं नाव पुन्हा लागलं, पण सगळ्यांत शेवटी. तिने कुरकुर केली नाही. गीतांजली लगेच परत आली नाही. ते व्हायला महिना-दीड महिना गेला. मनस्वीचा पगार पुन्हा साडेचौदावर आला, त्यातून आधीचे जास्तीचे कापले गेले, तेव्हा गीतांजलीने मेसेज पाहिला आणि एवढंच विचारलं की जवळा आहे का डब्यात. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला मनस्वीला एक डाग पडला, मसुराच्या डाळीएवढा. स्मिता त्यावर तूप लावायला गेली तर मनस्वीने तिला तूप लावू नये याचं शास्त्रीय कारण दहा मिनिटं ऐकवलं. स्मिताने ते पूर्ण ऐकलं.

गणपतीत सगळे दादांकडे जमले असताना मनस्वीने त्यांना मोदक वाढता वाढता विचारलं की एका केमिस्टमागे कंपनी तुम्हाला किती देते.  दादांनी मोदक तोंडात घातला, सावकाश खाल्ला आणि म्हणाले, “पोरगी शिकली.” दिवाळीत ठेका नवा झाला, तेव्हा लॅबमधल्या सहाही मुलींचा पगार साडेसोळा झाला. कंपनीने रेट वाढवला म्हणून, असं दादांनी सांगितलं. मनस्वीने पुढे काही विचारलं नाही.

वर्ष पुरं झालं. त्यातले सात महिने ती यंत्रावर होती. तळोज्याच्या एका मोठ्या औषध कंपनीने जागा काढल्या, स्वतःच्या नावावर, ठेकेदार नाही. लेखी परीक्षा झाली. नंतर तिला यंत्रापुढे बसवलं, ते मुद्दाम बिघडवून ठेवलेलं होतं. बघणाऱ्यांना वाटलं, ही आता मदत मागेल. तिने नळी सोडवली, हवा काढली, पुन्हा जोडली आणि वीस मिनिटांत आलेख सरळ आणला. घरी येऊन म्हणाली, बरं झालं. एवढंच. पण त्या रात्री तिने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आता एकच गोष्ट बाकी होती. नव्या कंपनीतले लोक जुन्या ठिकाणी फोन करून चौकशी करणार होते. जुनं ठिकाण म्हणजे कागदोपत्री गोटीराम मढवी.

मंगळवारी दुपारी दादा धनेशकडे पाण्याच्या टाकीचं बोलायला आले होते. स्मिताने चहा टाकला होता. फोन वाजला. दादांना फोन कानाला लावायची सवय नाही, ते स्पीकरवर ठेवतात. पलीकडून एका बाईने मराठी-इंग्रजीत विचारलं की मनस्वी धनेश मढवी आपल्याकडे कामाला आहेत का, त्यांचं काम कसं आहे, वागणूक कशी आहे.

स्मिताच्या हातातली गाळणी तशीच राहिली. दादांच्या तोंडावर सगळी स्तुती जमून आली होती, ते तिला दिसत होतं. मुलीचं कौतुक सांगायला मिळेल अशी वेळ त्या माणसाला रोज थोडीच येते. त्यांनी एकदा स्मिताकडे पाहिलं.

“म्याडम, पुतनी हाय माजी,” ते म्हणाले. “म्हनून मला इचारू नका. मी मानसं देतो, काम बघत नाय. लॅबच्या साहेबांचा नंबर देतो, त्यांना इचारा. ते सांगतील ते खरा.”

बाईने आभार मानले, नंबर लिहून घेतला. फोन बंद झाला. दादांनी कपाळावरचा घाम पुसला, एखादी गोण उचलून ठेवल्यासारखा. मग त्यांना राहवेना. तळोज्यात त्यांच्या ओळखीचा एक ठेकेदार होता, त्याचं त्या कंपनीत वजन होतं. त्यांनी फोन उचलला, नाव शोधलं, आणि बोट तसंच वर धरून ठेवलं. धनेश टाकीबद्दल काहीतरी बोलत होता, ते त्यांना ऐकू येत नव्हतं. स्मिताने कप पुढे ठेवला. दादांनी फोन खिशात टाकला आणि चहा घेतला.

बुधवारी ते दोनदा येऊन गेले. काही काम नव्हतं. दारात उभे राहून विचारायचे, पत्र आला का? आणि जायचे.

अरविंद सरांनी फोनवर काय सांगितलं ते मनस्वीला गुरुवारी कळलं, त्यांच्याच तोंडून. ही मुलगी स्वतःच्या आकड्यावर संशय आला तर पाळी संपत आली तरी चाचणी पुन्हा लावते, असं ते म्हणाले होते. आणि माझ्याकडे कायमची जागा असती तर तिला तुमच्याकडे येऊ दिलं नसतं, असंही. दुपारी पत्र आलं. पगार सव्वीस हजार, कंपनीच्या नावावर. स्मिताने या वेळी बाराने भागलं नाही, गुणलंही नाही. ती पत्र घेऊन गॅलरीत गेली, मग देवासमोर, मग पुन्हा गॅलरीत, आणि शेवटी ते कुठे ठेवावं हे न सुचून हातातच घेऊन बसली.

गल्लीत बातमी दादांनीच पोचवली. संध्याकाळी स्मिता वाण्याकडून येत होती, तर ऑफिसच्या पायरीवर चार-पाच माणसं जमलेली आणि मध्ये दादा. कुणीतरी म्हणालं, शेठ, तळोज्यात पन तुमीच लावली ना, तुमचा हात लांब. बाकीचे हसले. स्मिता वळणावरच थांबली.

दादा पायरीवरून उठले. चारशे माणसं चालवणारा तो माणूस, आयुष्यभर लोकांना नोकऱ्या लावून दिल्याचं सांगत आलेला, त्या दिवशी छाती पुढे काढून म्हणाला,

“मी? मी एक फोन पन नाय केला.”